सॅलिनिटी रिफ्रॅक्टोमीटर, ० ते १०० पीपीटी स्केलवाला – जहाजावर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

पाणी किती खारट आहे ते मोजायचं हे नळकांडं. पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क खोक्यात आलेल्या भंगार स्क्रूड्रायव्हरमुळे गेला आणि एक मार्क ज्या कारणाने गेला ते खाली येईलच, ते विकणाऱ्याने लिस्टिंगमध्ये एका ओळीत लिहिलं असतं तर निम्म्या लोकांचा ताप वाचला असता.

इथले बाकीचे रिव्ह्यू सगळे फिशटँकवाल्यांचे आहेत म्हणून आधी माझं सांगतो. मी मर्चंट नेव्हीत, डेक साइडला, बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ मेट, कॅप्टनच्या खालचा अधिकारी. आमच्या धंद्यात पाण्याची डेन्सिटी म्हणजे थेट पैसा. कोळसा, ओअर, गहू असला माल किती टन चढला ते ड्राफ्ट सर्व्हे करून काढतात, म्हणजे जहाज किती बुडालंय ते सहा ठिकाणी वाचायचं आणि डेन्सिटी लावून वजनाचा हिशोब करायचा. पॅनामॅक्स साइजचं, म्हणजे पनामा कालव्यात जेमतेम मावणारं, भरलेलं जहाज म्हणजे ८५ हजार टनांच्या आसपास डिस्प्लेसमेंट, जहाज आणि माल धरून एकूण वजन, त्यात डेन्सिटी १.०२५ ऐवजी १.०२४ धरली की ऐंशीएक टनांचा फरक पडतो, आणि ऐंशी टनांवरून सर्व्हेयर आणि जहाजवाल्यांची जी जुंपते ती बघण्यासारखी असते. पण त्या कामाला काचेचा सर्टिफिकेटवाला हायड्रोमीटर, म्हणजे पाण्यात तरंगवून डेन्सिटी वाचायची नळी, असतो आणि तोच वापरायचा. हा रिफ्रॅक्टोमीटर त्याची जागा घेत नाही, त्यासाठी घेऊ पण नका, सर्व्हेयर तोंडावर हसेल.

मी घेतला तो निव्वळ हौस म्हणून. सगळे समुद्र एकमेकांना जोडलेले आहेत, हजारो वर्षं ढवळले जातायत, मग सगळीकडे पाणी सारखंच खारट का नाही हा प्रश्न डोक्यात बसला होता. जहाज जगभर फिरतंच, पाणी फुकट आहे, म्हटलं दोन हजारांच्या आत येतोय तर बघू तरी.

पहिली डिलिव्हरी चुकीची आली. खोकं तेच, फोटो तोच, पण आत डोकावलं तर स्केल ५८ ते ९० ब्रिक्स, म्हणजे मधातली साखर मोजायचा! ही गडबड खूप होते म्हणे कारण बाहेरून हे सगळे सख्ख्या भावांसारखे दिसतात. रिटर्न घेतला, बदलून दिला, पण साइन ऑनच्या, म्हणजे जहाजावर रुजू व्हायच्या, आधी हातात पडेल की नाही अशी वेळ आली. तुम्ही मागवाल तेव्हा खोकं उघडल्या उघडल्या उजेडाकडे धरून स्केल बघा, डावीकडे १.००० ते १.०७० आणि उजवीकडे ० ते १०० असेल तर तो आपला.

वस्तू म्हणून चांगली आहे. हातात धरल्यावर वजन जाणवतं, बॅटरी नाही, एका टोकाला तिरका प्रिझम आणि त्यावर प्लॅस्टिकचं झाकण, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. दोन-तीन थेंब पाणी प्रिझमवर टाकायचं, झाकण हळूच बंद करायचं म्हणजे बुडबुडा राहत नाही, अर्धा मिनिट थांबायचं म्हणजे थेंब आणि प्रिझम एका टेम्परेचरला येतात, आणि मग उजेडाकडे बघायचं. वरचा भाग निळा, खालचा पांढरा, मधली रेघ जिथे स्केलला कापते तो आकडा. पीपीटी म्हणजे एक किलो पाण्यात किती ग्रॅम क्षार. पाण्यात मीठ जेवढं जास्त तेवढा प्रकाश जास्त वाकतो, एवढीच त्यामागची गोम. गोड्या पाण्याचा वक्रीभवनाचा आकडा १.३३३ आणि समुद्राचा १.३३९ च्या आसपास, म्हणजे फरक तिसऱ्या दशांश स्थळावर आहे आणि हे नळकांडं तो उघड्या डोळ्यांना दाखवतं, या किमतीत हे भारीच आहे.

आता तो गेलेला मार्क. सोबतच्या कागदावर लिहिलंय की डिस्टिल्ड वॉटर टाका, स्क्रू फिरवून रेघ शून्यावर आणा, झालं कॅलिब्रेशन. जहाजावर डिस्टिल्ड वॉटरचा तुटवडा नाही, आमचा फ्रेश वॉटर जनरेटर समुद्राचंच पाणी उकळून गोडं करतो आणि त्यात क्षार १० पीपीएमच्या वर गेले की अलार्म बोंबलतो. त्या पाण्याने शून्य लावलं. मग मत्स्यालयवाल्यांसाठी ३५ पीपीटीची तयार रेफरन्स बाटली मिळते ती टाकून बघितली तर रेघ साडेछत्तीसवर. परत केलं, परत तेच.

कारण असं की या स्वस्त मॉडेलांपैकी बऱ्याच जणांचं स्केल समुद्राच्या पाण्यासाठी आखलेलंच नसतं, ते साध्या मिठाच्या पाण्यासाठी, म्हणजे सोडियम क्लोराईडसाठी असतं. समुद्रातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराईड मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास, बाकी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, आणि ही मंडळी प्रकाश जरा वेगळ्या प्रमाणात वाकवतात. म्हणून खरं ३५ असलेलं पाणी इथे दीडएक पीपीटी जास्त दिसतं. उपाय सोपा आहे, शून्याऐवजी ३५ च्या बाटलीनेच स्क्रू लावायचा. बाटली नसेल तर ३.६५ ग्रॅम शुद्ध मीठ अधिक ९६.३५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर, हे द्रावण प्रकाश बरोबर ३५ पीपीटीच्या समुद्राएवढा वाकवतं, ते टाकून रेघ ३५ वर आणायची. वजनकाटा मात्र दोन दशांश दाखवणारा हवा, किचनचा नको.

पण याचा साइड इफेक्ट असा की वरची बाजू बरोबर झाली की खालची बिघडते. पनामा कालव्यात गाटून तलावातलं पाणी टाकलं तर रेघ शून्याच्याही खाली! म्हणजे पाणी गोड्यापेक्षा गोडं झालं. तर मोकळ्या समुद्रासाठी ३५ वर लावा आणि नदी, खाडी, बाल्टिक असल्या कमी खाऱ्या पाण्यासाठी परत शून्यावर लावा. हे एवढं वाक्य कागदावर छापायला काय जात होतं कळत नाही.

पाणी काढायचं कसं हा पण एक विषय आहे. चालत्या जहाजावरून बादली सोडणं म्हणजे बादली आणि कॅडेट दोघंही गमवायची तयारी. मी फायर हायड्रंट उघडतो, लाइनमधलं साठलेलं गंजकं पाणी पाच मिनिटं वाहू देतो आणि मग बाटली भरतो. फक्त लक्षात ठेवायचं की भरलेल्या जहाजात हे पाणी आठ-दहा मीटर खालून येतं, वरच्या थराचं नाही. हा फरक मोठा आहे, पुढे येईल.

आता आकडे, कारण खरी मजा इथे आहे. सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका, मी पण शाळेत तेच पाठ केलेलं, की नद्या खडकांतले क्षार समुद्रात आणतात म्हणून समुद्र खारट. ते खरंच आहे पण कोट्यवधी वर्षांच्या हिशोबात. आज कुठला समुद्र जास्त खारट आणि कुठला कमी याच्याशी त्याचा संबंध जवळपास नाही. तसं असतं तर जिथे नद्या जास्त तिथे खारटपणा जास्त हवा होता, आणि आहे नेमकं उलटं. आमटी गॅसवर राहिली की खारट होते, मीठ कोणी जास्त टाकलेलं नसतं. इथे पण तेच, मिठाचा साठा ठरलेला आहे, कमीजास्त होतं ते पाणी. वाफ होऊन किती गेलं आणि पाऊस, नदी, बर्फ होऊन किती परत आलं, एवढंच बघायचं.

आणि क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळपास तेच असतं. चॅलेंजर नावाचं ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरलं, त्यांनी आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमार या केमिस्टने तपासले आणि १८८४ मध्ये छापलं की पाणी कुठलंही घ्या, एकूण खारटपणा बदलतो पण त्यात क्लोराईड किती, मॅग्नेशियम किती याचा वाटा बदलत नाही. म्हणून तर एकच रेघ आणि एकच आकडा बघून काम भागतं, नाहीतर प्रत्येक समुद्राला वेगळं स्केल छापावं लागलं असतं.

पनामापासून सुरू करतो कारण तिथे हे सगळं एका दिवसात बघायला मिळालं. कॅरिबियनमध्ये कालव्याच्या आदल्या दिवशी रीडिंग ३६. मग लॉकमधून चढत २६ मीटर वर गाटून तलावात, ते पूर्ण पावसाचं पाणी, चाग्रेस नदी अडवून केलेलं. तिथे आमचं जहाज खाली बसतं, गोड्या पाण्यात तेवढंच वजन तोलायला जास्त बुडावं लागतं, पॅनामॅक्सला १२.०४ मीटर ड्राफ्टची जी लिमिट आहे ती या गोड्या पाण्यातलीच. मग उतरून पॅसिफिकच्या बाजूला अँकरेजवर आलो, पावसाळ्याचा शेवट होता, रीडिंग ३०. मध्ये ८० किलोमीटरची जमीन आणि दोन्ही बाजूंना ६ पीपीटीचा फरक. किनाऱ्याजवळचे आकडे आहेत हे, पावसामुळे तिथे फरक जास्त दिसतो, मोकळ्या समुद्रात एवढा नसतो. पण दिशा तीच. अटलांटिकचा उत्तरेकडचा मधला पट्टा, साधारण २५ अक्षांशावर, ३७ च्या वर जातो, आणि पॅसिफिकचा उत्तर भाग ३३-३४ च्या आसपास घुटमळतो. जगाची सरासरी ३५.

यामागचं कारण जहाजाच्या ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, उभं राहून तोंडावर लागतं, अक्षरशः. ट्रेड विंड्स, पूर्वेकडून पश्चिमेला सतत वाहणारे वारे. ते अटलांटिक आणि कॅरिबियनवरून वाफ उचलतात आणि मध्य अमेरिकेची ही चिंचोळी पट्टी ओलांडून पॅसिफिकच्या बाजूला नेऊन ओततात. वाफ जाते, मीठ मागे राहतं. बरं मग पॅसिफिकची वाफ अटलांटिकमध्ये का येत नाही? वर थंड भागात वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात खरे, पण वाटेत रॉकी आणि अँडीज आडवे. पाऊस कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि चिलीच्या दक्षिणेला डोंगरांवर कोसळतो आणि तिथल्या नद्यांमधून गपचूप पॅसिफिकमध्येच परत जातो. म्हणजे एका बाजूचं फाटक उघडं आणि दुसऱ्या बाजूचं बंद. पनामाची पट्टी साधारण ३० लाख वर्षांपूर्वी पूर्ण बुजली असं मानतात, त्याआधी दोन्ही महासागर तिथे मिसळायचे, नंतर हिशोब वेगळे झाले.

गंमत बघा, जगातल्या सगळ्या नद्यांच्या पाण्याचा पाचवा हिस्सा एकटी अॅमेझॉन समुद्रात टाकते, आणि कुठल्या समुद्रात तर अटलांटिकमध्ये. वर काँगो, मिसिसिपी, ओरिनोको पण तिकडेच. एवढी सगळी नदीसेना दिमतीला असून मोठ्या महासागरांत सगळ्यात खारट अटलांटिकच. अॅमेझॉनचा पाऊस बराचसा अटलांटिकच्याच वाफेचा, म्हणजे स्वतःचंच उसनं परत मिळतंय, त्यात फायदा काय.

अजून दोघं अटलांटिकला मीठ पुरवतात. एक भूमध्य समुद्र, तो ३८-३९ चा, जिब्राल्टरमधून वरून अटलांटिकचं पाणी आत घेतो आणि खालून स्वतःचं जड खारट पाणी बाहेर सोडतो. दुसरं आपल्या हिंदी महासागरातून. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली येणारा अगुल्हास प्रवाह टोकाला जाऊन मागे वळतो, पण वळताना त्याच्यातून मोठमोठे भोवरे सुटून अटलांटिकमध्ये शिरतात, गरम आणि खारट पाण्याचे. २०२३ च्या शेवटापासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून जायला लागली, आमचं पण तसंच, तिथे तो प्रवाह पाठीशी असला की दोन-तीन नॉट फुकट मिळतात आणि समोरून वारा आला की तीच जागा जहाजाची हाडं खिळखिळी करते. तिथलं रीडिंग ३५ आणि थोडं वर, पण त्या "थोडं वर" ला या यंत्रावर काही अर्थ नाही, एक घर म्हणजे एक पीपीटी, अर्ध्याचा अंदाज आपण डोळ्याने करतो.

या खारटपणाला पुढे काम पण आहे. अटलांटिकचं पाणी उत्तरेला ग्रीनलंडच्या आजूबाजूला थंड झालं की मीठ जास्त असल्यामुळे पुरेसं जड होऊन तळाशी बुडतं आणि तिथून खोल प्रवाह सुरू होतो. पॅसिफिकच्या उत्तरेला थंडी कमी नाही, पण पाणी फिकं, ते कितीही गार केलं तरी तळापर्यंत जात नाही.

आता आपल्या घराजवळचं, आणि हेच मला सगळ्यात जास्त आवडलेलं. मुंबईच्या बाहेर, उन्हाळ्यात, ३६. बंगालच्या उपसागरात पारादीपच्या बाहेर, सप्टेंबर संपताना, कोळसा घेऊन अँकरवर होतो. हायड्रंटचं पाणी ३१. आमचे सरंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, रत्नागिरीकडचे, वयाने मोठे, जन्म समुद्रावर गेलेला, ते शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "साब, वरचं पाणी बघा की, वरचं गोडं असतं इथं, रंग बघा." खरंच पाणी मातकट होतं. जहाज उभं होतं म्हणून त्यांनीच बादली सोडली, वरचं पाणी काढलं. २४! त्याच जागी, त्याच वेळेला, वर २४ आणि दहा मीटर खाली ३१. मी परत पुसून, परत थेंब टाकून बघितलं, तरी २४. सरंग चाचा काही बोलले नाहीत, फक्त बादली उलटी करून ठेवली.

तर एकाच अक्षांशावर, एकाच उन्हात, श्रीलंकेखालून एकमेकांना जोडलेले हे दोन समुद्र एवढे वेगळे का. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावदी, महानदी हे सगळं बंगालच्या उपसागरात जातं आणि वरून तिथे पाऊसही दणदणीत, वाफेपेक्षा आवक जास्त. अरबी समुद्राचं उलटं, अरबस्तान आणि सोमालियाकडचे वारे पाणी उडवतात, मोठी नदी म्हणावी तर सिंधू, तीही धरणं-कालव्यांनी अडवून अडवून शेवटी आटलेली. आणि आपला सह्याद्री यात काय करतो बघा. मान्सूनचा वारा अरबी समुद्रावरून वाफ भरून येतो, घाटमाथ्यावर कोसळतो, आणि त्यातलं घाटाच्या पूर्वेला पडलेलं पाणी कृष्णा, भीमा, गोदावरी धरून देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र ऐंशीएक किलोमीटर, पण बाई निघते १४६५ किलोमीटरच्या प्रवासाला पूर्वेकडे. अरबी समुद्राचं पाणी उचलून शेजाऱ्याच्या टाकीत. पनामात वाऱ्याने जे काम केलं तेच इथे वारा आणि नदी मिळून करतात. अर्थात बंगालच्या उपसागराला फिकं करण्यात मोठा वाटा हिमालयाच्या नद्यांचा आणि तिथल्या पावसाचा, आपली कृष्णा-गोदावरी त्यात धाकटी, पण धंदा तोच.

ते वरचं फिकं पाणी हलकं असतं म्हणून झाकणासारखं वरच राहतं, खालचं गार पाणी वर येऊ देत नाही, त्यामुळे तिथला वरचा थर गरम राहतो आणि चक्रीवादळांना तेच खाद्य. नंतर हिवाळ्यात हे फिकं पाणी पूर्व किनाऱ्याने खाली सरकत श्रीलंकेला वळसा घालून केरळकडे येतं. डिसेंबरात कोचीच्या बाहेर माझ्याकडे ३३-३४ आलं, मुंबईपेक्षा स्पष्ट कमी.

पर्शियन गल्फला यंत्राची परीक्षा होते. आकडा ४०-४१, कारण उथळ समुद्र, भट्टीसारखी हवा, तोंड फक्त होर्मुझचं. पण यावरचं एटीसी, म्हणजे टेम्परेचर आपोआप सांभाळायची जी सोय आहे, ती १० ते ३० डिग्रीपर्यंतच चालते, आतली एक धातूची पट्टी स्केल सरकवते. ऑगस्टमध्ये तिथे समुद्रच ३३ डिग्री, डेक तर तळपायाला भाजतो. एसी केबिनमध्ये यंत्र आणि बाटली दोन्ही तासभर ठेवून मगच मोजायचं, डेकवर मोजलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

लाल समुद्राचे आकडे जुने आहेत, तिकडून जात होतो तेव्हाचे. बाब-एल-मंदेबला ३७, वर सुएझजवळ ४१. एकही कायमची नदी नाही, पाऊस जवळपास शून्य, आणि वर्षाला साधारण दोन मीटर पाण्याची वाफ. आत येणारं सगळं पाणी दक्षिणेच्या अरुंद दारातून, जसं वर सरकतं तसं आटत जातं, त्यामुळे उत्तरेला जाताना आकडा चढताना दिसतो. चढत्या भाजणीत रोज एक रीडिंग घेतली तर हौशी माणसाला यासारखं सुख नाही.

काळा समुद्र १८, रोमानियात कॉन्स्टान्टाला गव्हासाठी गेलो होतो तेव्हाचं. डॅन्यूब, नीपर सगळ्या त्यात, आणि बाहेर जायला फक्त बॉस्फरस. तिथे वरून फिकं पाणी बाहेर वाहतं आणि खालून भूमध्याचं खारट पाणी उलट आत शिरतं. मार्सिली नावाच्या इटालियन माणसाने वजन बांधलेली दोरी खाली सोडून, तिच्यावर पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे लावून, ते कुठल्या बाजूला वळतात ते बघून हे १६८१ मध्ये लिहून ठेवलं. बुचाचे तुकडे! आणि मी इथे स्क्रूड्रायव्हरवरून रडतोय.

बाल्टिक ७. ग्दान्स्क. अजून उत्तरेला बोथनियाच्या टोकाला २-३ पर्यंत उतरतं, तिथे मी गेलेलो नाही. थंडी, वाफ कमी, नद्या भरपूर, एवढंच.

यंत्राच्या मर्यादा पण सांगतो नाहीतर कोणी याच्या जिवावर पेपर लिहायला बसेल. मोकळ्या महासागरातले बहुतेक आकडे ३३ ते ३७ या चार घरांत बसतात आणि याची खात्री एका घराची. त्यामुळे लाल समुद्र आणि बंगालचा उपसागर ओळखता येतो, पण दक्षिण अटलांटिक आणि दक्षिण हिंदी महासागर डोळे बांधून दिले तर हे सांगू शकणार नाही. शास्त्रज्ञ प्रकाशाने मोजतच नाहीत, ते पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून काढतात, तिसऱ्या दशांशापर्यंत. आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे जवळपास चार हजार तरंगते फ्लोट जगभर दोन किलोमीटर खोल बुडी मारून वर येऊन सॅटेलाइटला आकडे पाठवतात, आपल्याकडे हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्रातून त्याचं काम चालतं आणि तो डेटा कोणालाही फुकट बघता येतो. मी माझे आकडे त्याच्याशी ताडून बघतो, मोकळ्या समुद्रात एकच्या आत जुळतात, बंदराजवळ नाही जुळत आणि जुळायला पण नकोत, फ्लोट बंदरात येत नाहीत. शास्त्रज्ञांच्या मोजमापांतून हेही दिसतं की १९५० नंतर खारट भाग अजून खारट आणि फिके भाग अजून फिके होत चाललेत, हवा गरम झाली की वाफेची ने-आण वाढते. हे या नळकांड्यात दिसणार नाही, तेवढी त्याची ताकद नाही.

टिकाऊपणा: झाकणाची बिजागरी पहिल्या काँट्रॅक्टमध्येच सैल झाली, अजून चालतेय. दर वेळी गोड्या पाण्याने पुसलं नाही तर प्रिझमच्या कडेला पांढरा क्षार बसतो आणि रेघ पुसट दिसायला लागते. नळाखाली धरून धुऊ नका, आत ओल गेली की धुकं धरतं, ओल्या फडक्याने पुसा. डोळ्याकडचं रबर खाऱ्या हवेत चिकट झालंय. कॅलिब्रेशनचा स्क्रू हळूहळू आपोआप सरकतो, इंजिनच्या व्हायब्रेशनमुळे असेल, घरी वापरणाऱ्यांना हा त्रास बहुतेक होणार नाही.

माझा मावसभाऊ पालघरकडे कोळंबी शेती करतो, त्याच्याकडे पण असाच एक आहे. त्याच्या तळ्यात पावसाळ्यात आकडा एका रात्रीत खाली येतो आणि त्याला नेमका अर्धा-पाऊण पीपीटी नकोच असतो, वीसचं बारा झालं का एवढं कळलं की बस. अशा कामाला हे एक नंबर आहे. टँकमध्ये कोरल ठेवणाऱ्यांनी मात्र ३५ ची बाटली सोबतच मागवा, दर महिन्याला तपासा, आणि घेताना विक्रेत्याला सरळ विचारा की स्केल समुद्राच्या पाण्याचं आहे की मिठाच्या पाण्याचं. मला उत्तर आलं होतं, "सर इट इज फॉर ऑल वॉटर." असं उत्तर आलं की समजा मिठाच्या पाण्याचं आहे.